‘ऑन युवर लेफ्ट’ म्हणजे डावीकडे सरका नव्हे

पत्र : ताई, आम्ही ॲरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. सासू-सासरे ऑक्टोबरात साताऱ्याहून आलेत, मार्चअखेर परत जातील. दर रविवारी आम्ही सगळे साउथ माउंटनला जायचो आणि पिमा कॅनियनच्या बाजूनं डेझर्ट क्लासिक ट्रेलवर चालायचो. त्या वाटेवर सायकलवालेही असतात. तीन आठवड्यांपूर्वी मागून एक जण ‘ऑन युवर लेफ्ट’ असं ओरडत आला. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ‘लेफ्ट’ ऐकलं आणि ते झटकन डावीकडे सरकले, नेमके त्याच्या पुढ्यात. त्यानं ब्रेक दाबला, सायकल घसरली आणि तो कडेच्या चोयावर, म्हणजे काटेरी निवडुंगावर पडला. बाबांना फक्त खरचटलं, पण त्याच्या कोपरात काटेच काटे. तो चिडला, हेही चिडले. ‘नियमानं तूच थांबायचं असतं’ यावरून जोरात वादावादी झाली, मुलं रडायला लागली. बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, एकही अपघात नाही. आता ‘माझ्यामुळं झालं, मी येत नाही’ म्हणतात आणि दिवसभर घरात बसून असतात. त्यांना ऐकूही जरा कमी येतं. हे म्हणतात, पार्ककडे तक्रार करू. मला वाटतं, ती वाटच सोडून द्यावी. काय करू?
— एक वाचक, चँडलर

तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आधी बाबाच आले. ज्या माणसानं तीस वर्षं घाटातून भरलेली गाडी सुखरूप खाली उतरवली, त्याला परक्या मुलखात, नातवंडांच्या देखत, कुणीतरी ओरडलं. ते घरात बसले आहेत ते सायकलींना घाबरून नाही. आपली चूक झाली असं त्यांना वाटतंय, आणि अशा माणसाला ते सहन होत नाही. म्हणून वाट सोडायची की नाही हे जरा पुढं बघू. आधी बाबांचं बघू.

आज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसा आणि त्यांना एवढंच विचारा, की ‘बाबा, मागच्या गाडीला साइड द्यायची तर तुम्ही स्टिअरिंग कुठं वळवायचात?’ ते म्हणतील, डावीकडे. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, ओव्हरटेक उजवीकडून होतो. मागून हॉर्न आला की गाडी डावीकडे दाबायची, हे त्यांच्या हातापायांत तीस वर्षं मुरलंय. त्या रविवारी मागून आवाज आला आणि त्यांनी साइड दिली. सवयीच्या, कुशल ड्रायव्हरनं जे करायला हवं तेच केलं. फक्त इथं सगळं उलट आहे. इथं उजवीकडून चालायचं आणि मागचा डावीकडून पुढं जातो. त्यात तो शब्द ‘लेफ्ट’! ‘ऑन युवर लेफ्ट’ म्हणजे ‘मी तुमच्या डाव्या अंगानं पुढं जातोय, तुम्ही आहात तिथंच राहा.’ ती सूचना नसते, खबर असते. पण इंग्रजी कानाला नवं असेल, त्यात ऐकू कमी येत असेल, तर तीन शब्दांतला एकच शब्द पोचतो, आणि तो नेमका उलट दिशेला ढकलतो. भारतातून नव्यानं आलेले कितीतरी जण असेच डावीकडे उडी मारतात. मी स्वतः इथल्या पहिल्या वर्षी कालव्याकाठच्या रस्त्यावर हेच केलं होतं, आणि मला तर नीट ऐकू येत होतं.

हे बाबांना सांगा. समजूत काढायची म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून सांगा.

आता नियम. तुमचे मिस्टर बरोबर बोलले. ट्रेलच्या सुरुवातीला पिवळ्या त्रिकोणाची पाटी असते, ती मुलीला वाचायला लावा. चाकानं पायाला वाट द्यायची आणि दोघांनी घोड्याला. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यायची. शेवटचा नियम बाबांना समजावायची गरजच नाही, ‘चढणाऱ्या वाहनास प्राधान्य’ हे आपल्या घाटांतून त्यांनी जन्मभर पाळलंय. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं वेग कमी करायचा, हाक द्यायची, पुढच्यानं ऐकलंय याची खात्री करायची आणि मगच पुढं जायचं. तुमच्या पत्रावरून तरी दिसतं, की त्यानं हाक दिली पण वेग ठेवला. चूक त्याची होती.

पण मी त्याच वाटेवर पायीही जाते आणि सायकल घेऊनही जाते, म्हणून हँडलच्या मागून काय दिसतं तेही सांगते. तिथली जमीन म्हणजे टणक मातीवर पसरलेला मुरूम. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना घसारा म्हटलं की कळेल. ताशी २० किलोमीटर हा काही फार वेग नाही, पण त्या वेगात सायकल एका सेकंदात साडेपाच मीटर पुढं जाते. माणूस दिसला, मेंदूला कळलं, बोटं ब्रेकवर गेली, यातच एक सेकंद संपतो. मग ब्रेक करकचून दाबला तर मुरमावर चाक थांबतं, सायकल थांबत नाही, ती घसरत जाते. अशा वेळी सायकलस्वार एकच गोष्ट शोधत असतो : समोरचा माणूस कुठं असणार आहे? तो उभा असेल तर बाजूनं वाट काढता येते. तो हलला, की सगळा हिशेब चुकतो.

नियम तुमच्या बाजूनं आहे, पण मुरमावर तो पाळायला समोरच्याला थोडी जागा आणि थोडा वेळ लागतो. तो तुम्ही देऊ शकता, आणि त्यासाठी काही सोडावं लागत नाही. आवाज आला की आहे तिथं थांबायचं. पळायचं नाही, उडी मारायची नाही, वळून बघत बघत दुसऱ्या कडेला जायचं नाही. थांबायचं, उजव्या कडेला अंग चोरायचं, हात वर करायचा. तुमचा हात दिसला की त्याला कळतं, यांनी ऐकलंय.

आणि सगळ्यांनी एकाच बाजूला. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण सगळ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं. चार वर्षांपूर्वी एका वळणावर मला समोर एक कुटुंब दिसलं. मी बऱ्याच अंतरावरून वेग कमी केला, हाक दिली. आई उजवीकडे झाली, वडील मुलाला घेऊन डावीकडे झाले, मध्ये वाट मोकळी. मी मुंगीच्या पावलानं जवळ आले आणि त्या मुलाला अचानक आईकडे जावंसं वाटलं. त्यानं बापाचा हात सोडला आणि माझ्या चाकासमोरून धावला. मी सायकल आडवी टाकली. त्याला काही झालं नाही, माझा गुडघा महिनाभर सुजला होता. त्या मुलाची काय चूक? चार वर्षांचं पोर घाबरलं की आईकडेच धावणार. तुमचाही मुलगा चार वर्षांचा आहे. म्हणून एक बाजू. कुठली, हे त्या क्षणी ठरवायचं नाही, घरूनच ठरवून निघायचं : उजवी. वाट तिथं फारच अरुंद असेल, कडेला काटे असतील, तर सरळ वाटेतच उभं राहायचं. तो उतरून थांबेल. त्याला थांबावंच लागतं, आणि बहुतेक जण हसून थांबतात.

कडेला पाय टाकण्यापूर्वी खाली बघायची सवय मात्र सगळ्यांना लावा. सायकलीपेक्षा तिथल्या चोयानं लोकांना जास्त वेळा रडवलंय. लांबून तो मऊ, सोनेरी, लोकरीचा गुंडा वाटतो, मुलांना हात लावावासा वाटतो. त्याचे तुकडे गळून वाटेच्या कडेला पडलेले असतात आणि नुसता पायजम्याचा काठ लागला तरी चिकटून येतात. काट्यांना बारीक उलटे दाते असतात, त्यामुळं आत सहज जातात, बाहेर येताना कातडी ओढतात. हातानं काढायला गेलं की तो गोळा त्या हाताला चिकटतो. त्यावर औषध म्हणजे मोठ्या दातांचा कंगवा. कातडी आणि काट्यांचा गोळा यांच्यामध्ये कंगव्याचे दाते सरकवायचे आणि एका झटक्यात गोळा लांब उडवायचा, आजूबाजूला कुणी उभं नाही हे बघून. मग उरलेले काटे चिमट्यानं एकेक करून. सासूबाईंच्या पिशवीत कंगवा असणारच, पण एक वेगळा घेऊन ठेवा. उन्हाळा जवळ आला, मार्चपासून पुढं, की रॅटलस्नेक हे विषारी सापही कडेच्या दगडांपाशी ऊन खात पडतात. तेव्हाही नियम तोच : आधी नजर, मग पाय.

डेझर्ट क्लासिकबद्दल थोडं बोलते, कारण अपघात कुठं होतात हे कळलं की अर्धी भीती जाते. ती वाट डोंगराच्या दक्षिण अंगानं सुमारे ९ मैल आडवी जाते. मोठा चढ नाही, म्हणून आजी-आजोबांना बरी, आणि नेमकी म्हणूनच सायकलवाल्यांचीही लाडकी. पण ती सरळ सपाट नाही. डोंगरावरून उतरलेले कोरडे ओढे, इथं ज्यांना वॉश म्हणतात, ते ती एकामागून एक ओलांडते. प्रत्येक ओढ्याला वाट खाली उतरते आणि लगेच वर चढते. सायकलवाला खाली उतरताना वेग घेतो, कारण त्याच वेगावर त्याला समोरचा चढ काढायचा असतो. ओढ्याच्या तळाशी उभी असलेली माणसं त्याला काठावर येईपर्यंत दिसतच नाहीत. आणि आपण काय करतो? तळाशी वाळू असते, पालोवर्देच्या झाडाची सावली असते, मुलं तिथंच दगड गोळा करत बसतात, आपण तिथंच पाण्याची बाटली काढतो. ते सोडा. ओढ्याच्या अलीकडे काठावर थांबा, कान द्या, समोर बघा, मग सगळे एकदम उतरा आणि पलीकडे चढून गेल्यावरच पाणी प्या. विसाव्याला उंच, मोकळी, दोन्हीकडून दिसणारी जागा घ्या. एखाद्या मोठ्या सवारो निवडुंगाजवळ थांबलात तर मुलांना त्याचे हात मोजायला लावा. त्या झाडाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंच्याहत्तर वर्षं लागतात. बाबांना हे ऐकायला आवडेल.

आता बाबांच्या कानाचं. वयानुसार ऐकू कमी येतं ते बहुतेकदा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. सायकलची किणकिणती घंटी नेमकी त्याच पट्टीतली. म्हणजे सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी ती बाबांपर्यंत पोचेलच असं नाही. इथं त्यांना घरातल्या माणसाचे कान द्या.

मी सुचवते ते असं. बाबा सगळ्यात पुढं. त्यांच्यामागे सासूबाई, मग चार वर्षांच्या मुलाचा हात धरून तुम्ही, मग मुलगी, आणि तिच्या पाठीशी शेवटी मिस्टर. मुलगी कंडक्टर. मागून सायकल आली की ती मोठ्यानं ‘टण’ म्हणेल, एकदाच. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबणार. सगळ्या सायकली गेल्या, वाट मोकळी झाली, की ‘टण टण’. डबल बेल, चला. बाबांनी हे दोन आवाज तीस वर्षं पाठीमागून ऐकलेत आणि त्यावर पाय आपोआप हललाय. त्यांना इंग्रजी शब्दाचा अर्थ लावत बसायला नको, डावं-उजवं आठवायला नको. मुलीचा आवाज तुम्ही पुढं पोचवायचा, बस्स. खरी घंटी मात्र नेऊ नका, सायकलच्या घंटीत मिसळेल.

मुलीला अजून एक काम द्या. सायकलवाले घोळक्यानं येतात, आणि पुढचा जाता जाता बोटं दाखवतो किंवा आकडा सांगतो : मागं अजून तीन आहेत. तो आकडा तिनं मोजायचा. तिसरा गेल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही. पहिली सायकल गेली की लोक हुश्श म्हणून परत वाटेच्या मधोमध येतात, आणि दुसरी अंगावर येते. घोडा आला तर मात्र पद्धत थोडी वेगळी : उताराच्या बाजूला उतरून उभं राहायचं आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे घोड्याला कळतं की ही माणसं आहेत.

ट्रेलवर जाण्याआधी घरापुढं तालीम करा. मुलगी तिची छोटी सायकल घेऊन मागून येईल, ‘ऑन युवर लेफ्ट’ म्हणेल, आणि बाबा थांबून उजवीकडे होतील. दहा वेळा, पंधरा वेळा. हसतील, करतील. तीस वर्षांची सवय समजावून बदलत नाही, दुसरी सवय लावूनच बदलते. मग एके दिवशी नुसतेच पिमा कॅनियनला जा आणि सुरुवातीच्या मांडवाखाली अर्धा तास बसून सायकली बघा. कोण घंटी वाजवतं, कोण ‘मॉर्निंग’ म्हणतं, कोण थांबून आभार मानतं. बाबांना रस्त्यावरची माणसं वाचायला येतात, त्यांना तेवढं पुरेल. तिथून आत जाणारा रुंद मातीचा रस्ताही आहे. पहिल्या दिवशी त्याच रस्त्यानं चाला, तिथं सायकलीला आणि माणसांना दोघांनाही पुरेशी जागा मिळते.

वेळ बदला. रविवारची सकाळ म्हणजे सायकलींची जत्रा. आजी-आजोबांना सुट्टीची वाट बघायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी हवा वीस अंशांच्या आसपास असते. मुलगी शाळेतून आली की मधल्या वारी साडेतीनला निघा. सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो, त्याआधी गाडीपाशी परत या. हा दुपारचा सल्ला मार्चपर्यंतचाच, हे नीट लक्षात ठेवा. एप्रिल संपत आला की दुपारची वाट पूर्ण बंद, कितीही मोकळी असली तरी. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याच्या वर होता. तीव्र उष्णतेचा इशारा असतो त्या दिवशी कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीक या डोंगरांवरच्या वाटा दिवसा शहर बंदच ठेवतं. आत्ताच्या थंडीतही बाटलीतलं पाणी निम्मं झालं की मागं फिरायचं, मग पुढं कितीही छान दिसत असो.

वाट सोडून द्यावी का, या प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे. सायकली मुळीच नकोत अशा जागा आहेत. सुपरस्टिशन डोंगराच्या राखीव रानात १९६४च्या कायद्यानं सायकल नेताच येत नाही. तिथल्या पेराल्टाच्या वाटेवर एखाद्या शनिवारी जरूर जा, वरच्या खिंडीपर्यंत चढ मोठा आहे, म्हणून आजी-आजोबांबरोबर पहिला अर्धा-पाऊण मैल पुरे. पण तो सहलीचा दिवस झाला. बाबांना हवंय ते रोजचं, घरापासून जवळचं चालणं. साउथ माउंटनचं १६,००० एकरांहून मोठं रान तुमच्या जवळ आहे. ते एका रविवारमुळं सोडलंत, तर बाबांच्या मनात ‘माझ्यामुळं पोरांची वाट बंद झाली’ हेच कायम राहील, आणि ते ओझं घेऊन ते मार्चमध्ये विमानात बसतील.

मिस्टरांना माझा निरोप द्या. भाऊ, तुम्ही वडिलांसाठी उभे राहिलात, ते योग्यच. पण जो माणूस कोपरात काटे घेऊन बसलाय, त्याच्याशी नियमावर वाद घालण्याची ती वेळ नव्हती. आधी कंगवा, पाणी, ‘तुम्ही ठीक आहात का’, आणि मग शांतपणे सांगायचं, की वडील इथं नवीन आहेत, कमी ऐकू येतं, पुढच्या वेळी जरा हळू या. मुलांनी त्या दिवशी दोन मोठी माणसं भांडताना पाहिली. त्यांच्याशी एकदा त्याबद्दल बोला, बाबांच्या देखत बोला. तक्रारीचं म्हणाल, तर कुणी वारंवार बेफाम जात असेल, तर जागा, वेळ आणि दिवस लिहून पार्कच्या रेंजरना जरूर कळवा, त्यांना अशा माहितीचा उपयोग होतो. या एका घटनेसाठी मात्र नको. तक्रार झाली, की घरात पुन्हा तोच विषय निघेल, आणि बाबा पुन्हा आपल्या खोलीत जातील.

तर येत्या बुधवारी साडेतीनला निघा. रुंद रस्ता झाला, तालीम झाली, की मग डेझर्ट क्लासिकचा फक्त पहिला ओढा. बाबांना पुढं राहू द्या. काठावर त्यांना थांबू द्या, पलीकडचं बघू द्या, घाईनं कुणी पुढं जाऊ नका. वाट मोकळी आहे असं त्यांनी मान हलवून सांगितलं, की मुलीला डबल बेल द्यायला सांगा.